जोडी हजर

ती. ताईस,

इथूनच वाकून नमस्कार. वाकता येतंय, यावरून माझी कंबर बरी आहे हे ओळखशीलच. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस असं सांगणार होतो, पण लहानपणापासून तू माझं एक ऐकलेलं नाहीस. अक्षर निराळं दिसतंय म्हणून घाबरू नकोस. सांगतोय मीच. लिहून घेणारे गृहस्थ कोण, ते ओघात येईलच. (मी तोंडातून काढीन ते सगळं उतरवतात. खोकला तेवढा लिहू नका असं आत्ताच बजावलंय.)

आमचा निवृत्तांचा अभ्यासवर्ग दर बुधवारी वाचनालयाच्या माडीवर भरतो, हे तुला ठाऊक आहे. नियम एकच, ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं. मी घड्याळं उघडून दाखवतो. (चाळीस वर्षं दुकानात तेच केलं, फक्त तेव्हा गिऱ्हाइकं टाळ्या वाजवत नसत.) आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर जलरंग शिकवतात, म्हणजे कागद ओला करतात आणि तो वाळेपर्यंत झोप काढतात. जन्मभर दुसऱ्यांना झोपवलं, आता स्वतःची पाळी. या सगळ्यांवर मुख्याध्यापिका बाई. त्यांनी शाळा सोडली, शिट्टी सोडली नाही. सहलीला निघालो की त्या आमच्या जोड्या लावतात. आपापला जोडीदार डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा आणि शिट्टी झाली की 'जोडी हजर' म्हणून ओरडायचं. माझे जोडीदार डॉक्टर.

आता चार महिने तुझ्यापासून लपवलेली गोष्ट सांगतो. ताई, माझं डोकं कामातून चाललंय असं मला वाटत होतं. जिन्यात शेजारीण समोर आली तरी ओळख पटेना आणि खुंटीवरच्या कोटाला मात्र मी "या, बसा" म्हटलं. वर्गातली माणसं बोलेपर्यंत परकी वाटायची. आपल्या अण्णांचं शेवटी काय झालं होतं ते आठवतं ना? तू घास भरवायचीस आणि ते तुलाच विचारायचे, बाई, आपण कोण? तेच आता माझ्या वाट्याला आलं, असं मी धरून चाललो. लोकांना कळायच्या आत वर्ग सोडायचा, ही शेवटची सहल, असं ठरवूनही टाकलं होतं. फार भ्यालो होतो गं.

तर गेल्या बुधवारी पाणी शुद्ध करण्याचं केंद्र पाहायला गेलो. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना पिवळ्या टोप्या. तिथले साहेब दीड तास तुरटीबद्दल बोलले. (तुरटी चांगलीच असते, पण दीड तास?) शेवटी शिट्टी झाली. डॉक्टर जागेवर नव्हते. पाहतो तर पंपघराच्या बाकावर उंच, किडकिडीत, टोपी घातलेली मूर्ती, डोळे मिटलेले. म्हटलं, हेच ते. कोपराला धरून उठवलं, बसमध्ये खिडकीची जागा दिली आणि 'जोडी हजर' अशी आरोळी ठोकली. बाईंनी मान डोलावली, बस सुटली.

वाटेत मला वाटलं, माणूस डॉक्टर आहे, शेजारी आहे, अर्धवट झोपेत आहे, याहून चांगली संधी मिळायची नाही. तासभर मी सगळं सांगितलं. कोट, शेजारीण, अण्णा, सगळं. ते एक शब्दही बोलले नाहीत. उतरल्यावर मी धीर करून विचारलं, डॉक्टर, आता खरं काय ते सांगा. तेव्हा ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "मी डॉक्टर नाही. मी कोर्टात लघुलेखक होतो."

ताई, वर्गातलाच, इतक्या महिन्यांच्या ओळखीचा माणूस आपण कोण हे सांगतोय आणि मला ते नवीन वाटतंय! म्हटलं, आटोपला कारभार. तिकडे बाईंच्या तोंडातून शिट्टी खाली पडली. तेवढ्यात दुसरी बस येऊन थांबली आणि तिच्यातून जांभया देत आमचे डॉक्टर उतरले. त्या दिवशी केंद्रावर कोर्टाच्या निवृत्तांचीही सहल आली होती. डॉक्टर पंपाच्या मागे झोपले होते. त्या मंडळींचा एक माणूस कमी पडत होता, म्हणून त्यांनी हा घेतला.

बाई माझ्यावर बरसणार, इतक्यात डॉक्टरांनी मला विचारलं की या गृहस्थांच्या टोपीचा रंग कोणता. मी म्हटलं, पिवळा. ती टोपी पांढरीशुभ्र होती. डॉक्टरांनी मला तिथेच पायरीवर बसवलं, टॉर्चने डोळे पाहिले आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डोक्याचीही तपासणी झाली. डोकं ठणठणीत! मी माणसं विसरत नव्हतो, मला ती दिसतच नव्हती. तिथल्या बाकावर बसून मी लहान पोरासारखा रडलो आणि मग इतका हसलो की नर्सबाई पाहायला आल्या. (घड्याळं पाहायचं माझं भिंगच धूसर झालंय असं समजून मी दोन नवी आणली होती. हे लिहू नका हो. लिहिलंत?)

लिहून घेणारे कोण, हे आता कळलंच असेल.

तुझा धाकटा
(वय बहात्तर, डोकं शाबूत)

ता. क. येत्या गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. किरकोळ असतं. तू येण्याची काही गरज नाही. मी घाबरलेलो नाही.

ता. क. येणारच असशील तर बुधवारी ये. पण येऊ नकोस. मी मुळीच घाबरलेलो नाही.

ता. क. (लेखनिकाकडून) ताईंना नमस्कार. चुकीची बस आहे हे मला पायरी चढतानाच समजलं होतं. पण माझ्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती, आणि इथे कुणीतरी कोपराला धरून नेत होतं. पुढे आपले बंधू बोलू लागले, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायची सवय मला नाही. काल त्यांनी मला विचारलं की डोळा बाहेर काढून, घड्याळासारखा बशीत ठेवून साफ करतात का. 'घाबरलेलो नाही' हे वाक्य त्यांनी एकूण सात वेळा सांगितलं, पाच वेळा खोडायला लावलं. आपण बुधवारी नक्की या. हे त्यांनी सांगितलेलं नाही, तरी मी लिहून घेतलं आहे.