बकुळीवरची पाटी

रविवार, ५ जानेवारी
मुलुंडला येऊन आठवडा झाला आणि आज पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. घर लहान, पण आपलं! मी आणि माझी सात वर्षांची गंधाली, दोघींना पुष्कळ झालं. सोसायटीमागे बंद पडलेली बाग आहे, तिथे सकाळी सगळ्यांबरोबर फिरायला गेलो. झोपाळ्यांच्या नुसत्या साखळ्या, कारंज्यात प्लास्टिक, गवत कमरेएवढं. सोसायटीतल्या जयंतीकाकू पुढे काठी आपटत चालतात, सापांना म्हणे आधी कळवलेलं बरं. बाई एकदम झकास! नवीन येणाऱ्याने एका झाडाला नावाची पाटी बांधून ते सांभाळायचं, अशी इथली पद्धत. नाव गेलेल्या माणसाचंच द्यायचं, काकूंनी दोनदा बजावलं. मला नाही पटलं. सकाळी सकाळी मेलेल्यांची नावं कशाला? काकू पुढे गेल्या तशी मी छोट्या बकुळीला 'गंधाली' अशी पाटी तारेने बांधली. पोरगी काय नाचली!

रविवार, १२ जानेवारी
बकुळ आठवड्यात वीतभर वाढली. बुंध्याला मात्र वाळवी लागलीय, मातीची बारीक रेघ खालून वर गेलीय. गेरू लावायला हवा. गंधालीचा घोटा खाजतोय. गवतात नाचू नको म्हटलं तर ऐकेल तर शपथ.

मंगळवार, १४ जानेवारी
ऐन संक्रांतीला पोरगी अंथरुणात. घोट्यापासून पोटरीपर्यंत तपकिरी रेघ. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी. मी ओल्या फडक्याने पुसली, तर फडक्याला माती लागली. तिळगुळाला तिने हातही लावला नाही.

बुधवार, १५
ऑफिसला दांडी. बागेत धावत गेले. पाटीवर साल चढलीय, नुसता 'गं' दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरने साल उचकटायला लागले, तेवढ्यात शेजारच्या कुंदाताईंचा फोन. गंधाली किंचाळतेय, पायातून रक्त येतंय, लवकर ये म्हणाल्या. मीच केलं हे. माझ्या हाताने.

गुरुवार, १६
काकूंना सगळं सांगितलं. वाटलं शिव्या घालतील, त्या रडल्याच. मला त्यांच्या आंब्यापाशी नेलं. सालीत बुडालेल्या दोन पाट्या. खाली जयंती, वर सहदेव. काकूंनीही नवीन असताना हौसेने स्वतःचं नाव दिलं होतं. म्हणाल्या, गेलेल्या माणसाकडून झाडाला घ्यायला काही नसतं. जिवंताचं नाव मात्र ते सोडत नाही, दुसऱ्या जिवंत माणसाने आपलं दिलं तरच सोडतं. त्यांच्या नवऱ्याने दिलं. मला विचारलंसुद्धा नाही गं, म्हणाल्या.
रेघ गंधालीच्या कमरेवर आलीय.

शुक्रवार, १७. सकाळ
सुशांतदादाला पुण्याहून बोलावलंय. मामाकडे राहायला जायचं म्हणून गंधाली हसली तरी. पाटी बांधून आले – रुचिरा. माझं नाव, मोठ्या अक्षरात.

दुपार
रेघ उतरली! गुडघा – घोटा – गेली. भात मागितला तिने, दोनदा. माझी राणी.
माझं मनगट खाजतंय –

संध्याकाळ
दादा अजून वाटेत. कोपराच्या वर माती. खोलीची कडी लावून घेतलीय – गंधाली बाहेरून दार वाजवतेय, सांगतेय, आई, मी सगळा भात संपवला – पेन धरवत नाही – दादा, तिला इथे आत येऊ देऊ नकोस. आणि पाटी – ती हट्ट करेल, माझ्यासाठी पाटी – तिला बागेत कधीच –