मास्तरांची स्क्रिप्ट आणि हो म्हणणारा कंपायलर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१०
ऑफिसातले आमचे मास्तर जाऊन महिना झाला. त्यांची खुर्ची आणि प्रोग्राम बांधून तयार करणारी बिल्डची स्क्रिप्ट, दोन्ही आता माझ्याकडे. खुर्ची आपोआप दाराकडे वळते. तेल घालायला हवं, बाकी काही नाही. साहेबांना सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत नवीकोरी स्क्रिप्ट! गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनवर प्रोग्राम चालला की बिल्ड विभाग माझा. नाहीतर हेल्पची पानं लिहायची, असं ते म्हणाले. हसत म्हणाले.

मंगळवार, ४
काम सोपं आहे. कोडचा चालता प्रोग्राम करून देणाऱ्या कंपायलरला चिमुकला प्रोग्राम द्यायचा आणि विचारायचं, अमुक ऑप्शन, म्हणजे अमुक जादा सूचना, तुला चालते का? हो किंवा नाही. यासाठी मास्तरांच्या चार हजार ओळी! एका जागी तर जगात नसलेला ऑप्शन विचारलाय. शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाले होते बिचारे. ते सगळं उडवलं.
मागे खुर्ची करकरली. मी उभा होतो.

बुधवार, ५
गिऱ्हाइकाच्या जुन्या कंपायलरचे बावन्न ऑप्शनपैकी बावन्नांना होकार! मास्तरांना सात जन्मांत जमलं नसतं. आमचं काम तपासणाऱ्या टेस्टरबाईंनी विचारलं, कंपायलर सगळं नोंदवतो तो लॉग वाचलात का. म्हटलं, ज्याचं अडतं त्याने वाचावा. बायकोला फोन केला, विभाग आपलाच. तिने विचारलं, जेवलास का.

गुरुवार, ६. दुपारी
बाईंना काड्या करायची सवयच आहे. ऑप्शनच्या जागी त्यांनी मास्तरांचं नाव टाइप केलं.
कंपायलर म्हणाला, हो.
अंगावर सर्रकन काटा आला. एसी फार वाढवतात इथे. बाई म्हणाल्या, अनोळखी ऑप्शन दिसला की हा लॉगमध्ये नुसती कुरकुर करतो आणि पुढे जातो. म्हणून मास्तर आधी खोटा ऑप्शन विचारायचे. त्यालाही हो म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या होकारांवर विश्वास नाही. मी म्हटलं, योगायोग. शब्द दिलाय, उद्या हीच स्क्रिप्ट जाणार.
आज स्टुलावर बसलो. पाठीला बरं.

शुक्रवार, ७
गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम तिसऱ्या मिनिटाला कोसळला. मशीन जुनं, त्याला मी काय करणार?

सोमवार, १०
हेल्प, पान पहिलं. मास्तरांची स्क्रिप्ट परत लावली, विभाग बाईंकडे गेला.
बाईंनी जुन्या नोंदी दाखवल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांनी माझं काम दुरुस्त केलेलं. गुपचूप. दहा वर्षं.
त्याच शुक्रवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, सगळं नीट तपासलंस ना रे?
मी म्हणायचो, हो.