जोडी तीच, बाजू उलट

४ मार्च
परत फसलं! कोरड्या मिथेनॉलमध्ये सोडियमचे तुकडे टाकले, मेथॉक्साइड छान झालं. मग वरून टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड. आता ईथर येणार म्हणून डोळे लावून बसले — तर नुसते बुडबुडे. सगळा गॅस! सर म्हणाले, "ईथर कुठंय? उडालं वाटतं!" महिनाअखेर करून दाखवलं नाही तर एम.एस्सी.चं वर्ष गेलं.

वर ह्याचा फोन. नवऱ्याला परगावी नोकरी लागलीय ना! "सोड ते आता. घर बघून ठेवलंय, ये." सासूबाई मागून — "तिलाच यावं लागणार, दुसरं काय!"

५ मार्च
सोडणार नाही. नाही म्हणजे नाही.

८ मार्च
कळलं! कपाटात आयतं होतं म्हणून मी ते ब्रोमाइड उचललं. पण त्याच्या कार्बनभोवती तीन मिथाइल दाटीवाटीनं बसलेत. मेथॉक्साइडला आत शिरायला जागाच नाही, मग ते कडेचा हायड्रोजन ओढतं आणि उरलेल्याचा गॅस होतो. म्हणजे उलट करायचं — धातू टर्शरी ब्युटाइलच्याच थोराड अल्कोहोलमध्ये टाकायचा, आणि त्याच्याकडे इवलंसं मिथाइल आयोडाइड पाठवायचं. ईथर तेच होणार, फक्त कुणी कुणाकडे जायचं ते बदललं.

सरांना सांगितलं. "सुचलं एकदाचं!" म्हणजे ह्यांना माहीत होतं! असा राग आला म्हणून सांगू.

११ मार्च
सकाळी गारठ्यानं टर्शरी अल्कोहोल बाटलीतच गोठलेलं. गरम पाण्यात धरून वितळवलं. पोटॅशियम टाकलं, मग आयोडाइड थेंब थेंब. तळाशी पांढरं मीठ बसलं, म्हणजे जोडी जुळली — जीवात जीव आला. ऊर्ध्वपातन लावलं. पारा पंचावन्नवर, ह्या ईथरच्या उत्कलनबिंदूवर, चढला आणि तिथंच थांबला. ईथर! फ्लास्कमध्ये, माझ्या हातात!

ह्याला फोन केला. "वा! मग आता येतेस ना?"
तोंडातून निघूनच गेलं — "मी नाही येत. मला पुढेही इथंच काम करायचंय. एकत्र राहायचं असेल तर तू ये."
मग "बघतो," म्हणाला आणि ठेवून दिला.
खूप रडले. पण शब्द मागे घेतला नाही.

१४ मार्च
फोन नाही. सरांनी ईथर पाहिलं, सही केली. आनंद कुणाला सांगू?

१९ मार्च
सकाळी बेल वाजली. हा! दोन बॅगा, काखेत उशी. "इथंच नोकरी शोधतो. आत घेतेस का?"
सासूबाईंचा फोन आला तर मीच उचलणार आहे.