कॅप्टनचे चार पंजे

८ डिसेंबर, सकाळी ७.१०
पेपरात धुळ्याचा पारा साडेसहा. आमच्या घरात त्याहून कमी, कारण गॅलरीचं दार उघडं. कुत्र्याला बाहेर बघायला आवडतं म्हणे. कुत्रा आमचा नाही. समीक्षाचा आहे. मुलगी पुण्यात नोकरीला, होस्टेलात कुत्रा चालत नाही. "पप्पा, फक्त चार महिने." नाव कॅप्टन. पाच जानेवारीला तिला फ्लॅट मिळतोय, ती येऊन घेऊन जाणार. नरडाण्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेल्या माणसाने रिटायर होऊन हातात पिशवी घेऊन कुत्र्यामागे फिरावं? अठ्ठावीस दिवस काढायचे.

८ डिसेंबर, संध्याकाळी
कुत्रा लंगडला. पुढचा उजवा. पाहिलं तर पंजाच्या गादीला भेगा. थंडीने. समीक्षाला फोन केला. ती म्हणाली, पंजे बरे नसतील तर एवढ्या लांब नेणार नाही, मग थंडी संपेपर्यंत ठेवावं लागेल. म्हणजे माझी सुटका आता चार पंजांवर.
निश्चय : वीस तारखेच्या आत चारही पंजे नव्यासारखे.

९ डिसेंबर
वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवलं. दिवसातून चार वेळा कडक गरम पाणी, त्यात जंतुनाशक. मशीन असो की कुत्रा, आधी क्लीनिंग, मग वंगण. तोताराम दूध घालायला आला तेव्हा मी बाथरूममध्ये दुसरा पंजा घासत होतो. म्हणाला, "भाऊ, कुत्राना पाय धुई ऱ्हायनात? आम्हनाकडे तं जवाईनाबी कोणी धोत नई आते." अडाणी माणूस. दुधात पाणी मात्र बरोबर घालतो.

११ डिसेंबर
भेगा वाढल्या. म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय. चाराच्या सहा वेळा केल्या.

१२ डिसेंबर, दुपारी
आज वंगण. तिळाचं तेल, मेण, चिमूटभर हळद. लोखंडी पळीत गरम करून स्वतः मलम केलं. रंग जरा लाल आला. लावताच कुत्रा उडाला. पंजा चाटला. मग शिंकला, एकवीस वेळा. मग स्वतः जाऊन पुढचे दोन्ही पाय बादलीत घालून पाऊण तास उभा राहिला. मीही शेजारी उभा, कारण हलायला गेलं की ओरडत होता.
बायको, लता, शाळेतून शिकवून आली. म्हणाली, पळीत कालच्या शेवभाजीची तर्री होती, वास नाही का आला? आला होता. मला वाटलं हळद उग्र आहे.
जमेची बाजू : कुत्रा पाण्याला आता आपणहून तयार होतो.

१४ डिसेंबर
माझे लोकरीचे मोजे घातले. चारही पायांत. रुबाबदार दिसला. दुपारी तीन मोजे गायब.

१६ डिसेंबर
एक मोजा मिळाला. कुठे, ते लिहीत नाही.

१७ डिसेंबर
मोज्याचा प्रश्न मटेरियलचा होता. आग्रा रोडला नूर महंमदभाई गाड्यांची सीट कव्हरं शिवतात, त्यांच्याकडे गेलो. नूरभाईंनी टेप काढला आणि चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, ट्रकचं शिवलं, ट्रॅक्टरचं शिवलं, एकदा नवरदेवाच्या घोडीचं शिवलं. हे माप पहिल्यांदाच." कुत्र्याने त्यांचा कान चाटला. संध्याकाळपर्यंत मरून रेक्झिनचे चार बूट तयार, आत स्पंज, वर चिकटपट्टी. काम पक्कं.
घरी घातले. कुत्रा पुतळा झाला. बिस्कीट दाखवलं, बोलावलं, ओरडलो. पापणी हलली, पाय नाही.

१८ डिसेंबर
बूट असेपर्यंत हा चालत नाही आणि बूट काढले तर थंड फरशी. म्हणून उचलून नेलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, कॅप्टनचं वजन एकतीस किलो. तीन वेळा खाली, तीन वेळा वर. कॉलनीतल्या शेकोटीवरची मंडळी उठून वाट देतात. त्यांना वाटतं मला कुत्र्याचं वेड आहे. गैरसमज.

१९ डिसेंबर
जुना मित्र योगेंद्रचा फोन, साक्रीहून. शेतात रविवारी भरीत पार्टी, वांगी आली, ये. दरवर्षी वांगी भाजायला मीच असतो. सहा वेळा पाणी, तीन वेळा जिना, यातून साक्री कसं जमणार? म्हटलं, घरात पेशंट आहे. कोण, म्हणाला. म्हटलं, घरचंच. तो घाबरला, वहिनी बऱ्या आहेत ना?

२१ डिसेंबर
कंबर गेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर, कॅप्टनसकट. दोघंही तिथेच बसलो. तोताराम आणि वॉचमनने आधी कॅप्टनला वर नेलं, मग मला.

२२ डिसेंबर, सकाळी १०
लता शाळेच्या ट्रिपला. बाहेरून कडी लावून गेली, मी उठून दार लावू शकत नाही म्हणून. मी गादीवर पाठीला विटेचा शेक घेऊन. कॅप्टन माझ्या पायांवर आडवा. हलवत नाही मी, त्याचे पंजे दुखतात. तो हलत नाही, त्याला ऊब लागते. रिमोट टेबलावर. चहा ओट्यावर. साक्रीला आता वांगी भाजत असतील, करपवणार नक्की.

२२ डिसेंबर, दुपारी ३
अजून तसेच. तो घोरतो. आवाज बॉयलर रूमसारखा. खरं तर बरं वाटतं.

२३ डिसेंबर
लताने रिक्षा केली आणि आम्हा दोघांना जनावरांच्या डॉ. मिसबाहकडे नेलं. पोरगी समीक्षाच्याच वयाची. पंजा हातात घेऊन विचारलं, धुता का? मी वेळापत्रक दाखवलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "अंकल, कडक पाणी, त्यात जंतुनाशक, सहा वेळा. अहो, माणसाच्या हाताची सालं निघतील." थंडीने पडलेल्या भेगा साध्याच होत्या म्हणाली, पुढचं सगळं पाण्याने झालं. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, साधं मलम दोन वेळा, दहा मिनिटं चाटू द्यायचं नाही, झोपायला जाड गोधडी. बाकी काही करायचं नाही. हे शेवटचं तिने तीनदा सांगितलं, त्यातलं एकदा लताला.
निष्कर्ष : माझी पद्धत तत्त्वतः बरोबर होती, फक्त पाण्याचं प्रमाण जास्त.

२५ डिसेंबर
दहा मिनिटं चाटू द्यायचं नाही म्हणजे दहा मिनिटं पंजा माझ्या हातात. नुसतं बसून काय करायचं? त्याला २००९ सालचं कन्व्हेअर बेल्ट तुटल्याचं प्रकरण सांगितलं. पहिल्यांदाच कोणी ते शेवटपर्यंत ऐकलं.

२८ डिसेंबर
भेगा भरल्या. चारही. कॅप्टन आज बुटाशिवाय दोन मजले उडत उतरला. मी मागे कंबर धरून. आनंद झाला पाहिजे होता. झालाच. मग कॅलेंडरवर पाच जानेवारीला किती दिवस उरले ते दोनदा मोजलं.
खबरदारी म्हणून पट्ट्या बांधल्या.

३० डिसेंबर
समीक्षाने पंजांचा फोटो मागितला. पट्ट्यांचा पाठवला. खाली लिहिलं, अजून नाजूक आहे. खोटं नाही. या जगात काय नाजूक नाही?
दुपारी कॅप्टनची फिजिओथेरपी. पुढचा उजवा वर धरून तीन पावलं टाकली की बिस्कीट. हुशार आहे, पाचव्या बिस्किटाला शिकला. लताने दारातून पाहिलं. म्हणाली, अहो, धडधाकट कुत्र्याला लंगडायला शिकवताय? हिला फिजिओथेरपीतलं काय कळतं.

१ जानेवारी
पारा सहा. समीक्षाला मेसेज : कडाका फार, कॅप्टनला सोसत नाही, प्रवास नको, माझी कंबरही तशीच, फेब्रुवारीत बघू. मग लक्षात आलं, एवढ्याने तिला गांभीर्य कळणार नाही. दुसरा मेसेज : रात्री कण्हतो. तिसरा : जेवत नाही. (तेव्हा तो माझी भाकरी खात होता.)
तोताराम म्हणाला, "भाऊ, कुत्राले काहीच व्हयेल नई शे. तुम्हलेच करमाव नई त्यानाबिगर." मी उद्यापासून अर्धा लिटर कमी कर म्हटलं.

५ जानेवारी, रात्री ८
समीक्षा दुपारी आली. कॅप्टन तिच्यावर चढला, तिने पट्ट्या सोडल्या, पंजे पाहिले. वरून तर बरे दिसतात पप्पा, म्हणाली. मी खिशातून बिस्कीट काढलं नव्हतं, फक्त रुमाल काढत होतो. कॅप्टनने खिशाकडे पाहिलं, पुढचा उजवा वर धरला आणि तीन पावलं लंगडला. समीक्षाच्या डोळ्यांत पाणी.
मग तिने सांगितलं. फ्लॅटवाल्याने कुत्र्याला नाही म्हटलंय. म्हणून तिचं ठरलं होतं, याला कायमचा आमच्याकडेच ठेवायचा, पप्पांना करमतं त्याच्याशी. पण माझे मेसेज वाचले आणि तिची झोप उडाली. धुळ्याची थंडी याला झेपत नाही आणि याचं करणं पप्पांना. मैत्रिणीच्या काकांचा पुण्यात तळमजल्याचा बंगला आहे, पुढे हिरवळ, त्यांना हवाच होता. गाडी घेऊनच आली होती.
मी म्हटलं, अगं, लंगडायचं मी शिकवलंय त्याला. ती हसली, डोळे पुसत. "पप्पा, कुत्र्याला लंगडायला कोण शिकवतं?" लताकडे पाहिलं. लता म्हणाली, खरंच शिकवलंय गं, मी पाहिलंय. समीक्षाने दोघांनाही जवळ घेतलं. म्हणाली, मला माहितीये, त्याला ठेवून घ्यायला तुम्ही काहीही सांगाल.
पाच वाजता निघाले. गाडीपर्यंत उचलून नेलं. गरज नव्हती.

६ जानेवारी, सकाळी ७.१०
पारा दहा. थंडी ओसरली. पूर्ण मोकळा. गॅलरीचं दार लावायला उठलो, तसंच ठेवलं. फिरायला निघालो. गेटपर्यंत गेलो आणि परत आलो, कारण एकटा माणूस एवढ्या सकाळी कुठे चाललाय, असं वॉचमनला वाटलं असतं.

८ जानेवारी
समीक्षाचा व्हिडिओ. हिरवळीवर कॅप्टन चेंडूमागे पळतोय, चारही पायांवर. खाली तिने लिहिलंय, "बघा पप्पा, दोन दिवसांत लंगडणं बंद! पुण्याची हवा मानवली." मी अंगठा पाठवला.