वासरं खोकायच्या आधी

लाडक्या बाबांना, अमेरिकेतल्या कॅन्ससहून तुमच्या एलोइसाचा गोड पापा.

मी मजेत आहे. थंडीची सवय झाली. आईचे गुडघे कसे आहेत? आपली कपिला व्याली का?

काल इथे, मी काम करते त्या गुरांच्या वाड्यावर, ट्रक भरून वासरं आली. नुकतीच आईपासून तोडलेली, प्रवासाने गळून गेलेली. अशांनाच न्यूमोनिया गाठतो. मागच्या खेपेची किती मेली, ते लिहीत नाही. या वेळी मी हट्टाने उतरवतानाच सगळ्यांना नवं इंजेक्शन दिलं. ते अंगातली रोगाशी लढायची ताकद आधीच जागी करतं.

मुकादम डॅरिल म्हणाला, "धडधाकट जनावरांना कशाला टोचतेस, पोरी?"

"खोकायला लागल्यावर उशीर होतो."

"बरं. मेली तर तुझ्या माथी."

आज उजाडायच्या आतच जाऊन कुंपणाचं फाटक उघडलं. एक तांबडं वासरू कान पाडून उभं होतं, अंग तापलेलं. त्याला वेगळं काढून औषध दिलं. बाकीची गव्हाणीवर तुटून पडली होती, पण धोका अजून टळलेला नाही. वाऱ्याचा आवाजसुद्धा मला खोकल्यासारखा वाटतो.

बाबा, आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा गव्हाणीवरच्या वासरांचंच सांगा. मी घाबरलेय, हे तुमच्याजवळच राहू द्या.

तुमचीच,
एलोइसा