खाकी कागदातली बरणी

ती. आईस,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमचं भेटवस्तूंचं दुकान महिनाअखेरीस बंद होतंय. घरमालकाला जागा हवी आहे. काळजी करू नकोस, दुसरीकडे बोलून ठेवलंय.

दुकान कसलं, चावडीच ती. कुंभारीण माल टाकायला येते नि तासभर बसते. गिटारवाले मास्तर विकत काही घेत नाहीत, पण टांगलेल्या सगळ्या घंटा रोज वाजवून बघतात.

मालकीणबाईंचा एक नियम आहे. भेट ज्याला द्यायची त्याचा आवडता रंग विचारायचा, मगच त्या रंगाचा कागद कापायचा. चार वर्षं मी येईल त्याला हेच विचारत आले.

काल त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी एक वस्तू घे."

मी तुझ्यासाठी लोणच्याची बरणी उचलली.

"आईचा रंग कोणता गं?"

बाबांचा सांगता आला असता, दादाचाही. तुझा आम्ही कुणी कधी विचारलाच नाही.

म्हणून बरणी साध्या खाकी कागदात येतेय. दुकान बंद व्हायच्या आत रंग कळव. कागद कापून ठेवते.

तुझी,
धाकटी