दोन हाका

बा, त्या सकाळी मी आधी चुलीतली राख काढली, पोतेरं फिरवलं, मग अंगणात सडा टाकला. तुझा चहा झाकून ठेवला. तू पहाटेच शेताकडे गेला असशील असं समजून कोंबड्या सोडल्या. त्या गोठ्यामागे जाऊन का थबकल्या ते पाहायला गेले, तर तू तिथे पडलेला होतास. डॉक्टर म्हणाला, रात्रीच छातीत कळ आली असेल. आई आधीच गेलेली, घरात आपण दोघंच, आणि मी सतरा वर्षांची. बाया म्हणाल्या, "पोरीले झोपेत समजलंच नाई." मी मान हलवली.

नियम तुझाच होता. थंडीत गावोगाव नाटकं लागली की तू मला घेऊन जंगलातून चालत जायचास. खुर्चीचं तिकीट परवडायचं नाही, म्हणून आपण पोतं नेऊन अगदी मंचाजवळ जमिनीवर बसायचो, पहाटेपर्यंत. परतताना तू बजावायचास, "रातच्याला कोणी हाक मारली त लगेच ओ द्यायची नाई. माणूस तीनदा हाक मारते. ते दोनदाच मारते." मी विचारायची, "ते म्हणजे कोण?" "ओ देऊन पाहाय मंग," म्हणून तू बिडीआड हसायचास.

आता माझे केस पांढरे झालेत. तुझा जावई जाऊन नऊ वर्षं झाली. तुझी नात सिंगापूरला नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात तिनं मला महिनाभर बोलावून घेतलं. तिथं चहाही महाग, पण फुकटातली रात्र कुठे मिळते ते तिला ठाऊक. सुटीच्या संध्याकाळी आम्ही पाण्याकाठी जाऊन उजेडाचा खेळ पाहायचो, मग स्वस्त टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये एका ताटात दोघी भात खायचो. एकदा तिनं एका उंच इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवलं. "आई, तिथी नुसतं बसाचेच लय पैसे लागते." मी म्हटलं, "बसाचे ना? मंग आपण उभ्यानं पाहू."

तो तिथल्या चिनी लोकांचा मेलेल्यांचा महिना होता. फुटपाथवर संत्री, भात, उदबत्त्या मांडलेल्या. पिंपात कागद जळत होते. जाळलं की तिकडं पोचते, पोरीनं सांगितलं. एका पटांगणात मंडप होता, झगमगीत कपड्यांतल्या बाया गात होत्या. तिकीट नाही. मागे गर्दी आणि पहिली रांग सगळी रिकामी. मला आपलं पोतं आठवलं. मी सरळ जाऊन पुढे बसले. एका म्हातारीनं कोपराला धरून मला हळूच उठवलं. पोर धावत आली. "आई, इथी नको! हे रांग त्यायची असते. जे गेले त्यायची."

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. माझ्यासमोर एक लाल खुर्ची, रिकामी. गाण्याचा एक शब्द कळत नाही. उदबत्तीच्या धुरात मला तेंदूपानाच्या बिडीचा वास येतो. मग हाक येते. मागून नाही, समोरून. "पोरी." मी शेजारी पाहते, लेक मोबाइलमध्ये गाणं टिपते आहे. पुन्हा, "पोरी." त्या रात्री गोठ्याकडून आली होती तशीच, थोडी दम लागलेली.

हो बा, मी जागी होते. दोन हाका ऐकल्या. गोधडीत तोंड दाबून तिसरीची वाट पाहत राहिले, तू शिकवलं होतंस तसं.

या वेळी मी वाट पाहिली नाही. "ओ, बा," मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या खुर्चीकडे, आणि हात जोडले. "कोणाले ओ देऊन राह्यली, आई?" पोरीनं विचारलं. "कोणालेच नाई." गाणं चालू राहिलं. वास तेवढा गेला.

त्या रात्री पोरीच्या घरी तुला लिहायला कागद घेऊन बसले होते. खाली पिंप अजून जळत होतं. लिहिलं असतं तर त्यात टाकावं लागलं असतं, आणि खरंच पोचलं असतं तर मी जागी होते हे तुला कळलं असतं. म्हणून लिहिलं नाही. आता गडचिरोलीला परतून लिहिते आहे. हे वहीतच राहील.

तुझा नियम मी पोरीलाही लहानपणीच शिकवला होता. तिथंच, त्या गाण्याच्या रात्रीनंतर सकाळी चहा गाळताना मी तिला सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "माही हाक आली त तिसरीची वाट पाहू नको. पहिलीलेच ओ देजो."